तात्यांची अक्षरं

माझ्यावर मासे बदलल्याचा आळ आला आहे. तोही गणपतीत, आरतीला जमलेल्या अख्ख्या वाडीसमोर.

डोंबिवलीच्या तात्यांनी बोटाएवढे यो-यो लोच (घरच्या टाकीत पाळायचे गोड्या पाण्यातले मासे) माझ्याकडे सांभाळायला दिले होते. यंदा चतुर्थीला आले ते पडवीतल्या टाकीपुढे उकिडवे बसले, चष्मा पुसला आणि मोबाइलमधला जुना फोटो काचेला लावला.

“झिला, हे माजे मासे न्हय.”

“तात्यानू, तेच आसत. वाडले.”

“वाडले तर अक्षरांय वाडाक व्हयी. पुसली कोणी?”

यो-योच्या पिलाच्या अंगावर काळ्या रेघा इंग्रजी वाय आणि ओ काढल्यागत दिसतात. मासा वाढला की मधल्या मोकळ्या जागेत नव्या रेघा उतरतात, जुन्यांना फाटे फुटतात आणि बारा-तेरा सेंटिमीटरच्या माशावर नुसती जाळी उरते. झेब्रा लोचलाही लहानपणी मोजके रुंद पट्टे असतात. पट्ट्याच्या मधोमध फिकट रेघ उगवते आणि एकाचे दोन होतात. वाढलेली कुबोटाई (हीसुद्धा लोचच) तर पिलाशेजारी ठेवली की वेगळीच जात वाटते.

हे सगळं मी सांगितलं. तात्यांनी शांतपणे बनियन वर केलं.

“ह्यो तीळ बघ. सत्तर वर्सां झाली. हललो?”

“नाय.”

“मगे?”

भजनी मंडळातल्या दोघांनी वाकून तीळ पाहिला. पेटीवाल्याने मान डोलावली. निकाल तिळाच्या बाजूने लागल्यातच जमा होता.

तेवढ्यात टाकीतल्या करवंटीवरून दोघा लोचांची जुंपली. (करवंटी दोन-तीनदा उकळून घालावी, नाहीतर पाणी तांबूस होतं.) वर्चस्वासाठी भांडताना लोचचा रंग उडतो, रेघा पुसट होतात आणि मासा करडा पडतो, काही तासांत पूर्ववत होतो. पण तेवढी उसंत कुणाला?

“बघा! रंग सुटलो!” तात्या ओरडले.

भांडण नसताना रंग गेला तर पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) तपासावं. दोन्ही शून्य हवं. अंगावर पांढरे ठिपके (हा माशांचा रोग) दिसले तर तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत न्यावं आणि हवेचा पंप वाढवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. औषध अर्ध्या मात्रेने सुरू करावं. लोचचे खवले अगदी बारीक, औषध पटकन बाधतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी कोण बदलतं, मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरीला खारटपणा चढला की वरच्या वाडीतून कळश्या कोण आणतं, हे तात्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारली ती अक्षरं.

मग पुरावा काढायला त्यांनी जाळी घातली. लोचच्या डोळ्याखाली दुटोकी काटा असतो. घाबरला की तो उभा करतो. अडकला. अशा वेळी ओढायचं नसतं, मासा पाण्यातच ठेवून धागा कापायचा. म्हणून तर शहाणी माणसं लोचला डब्यात हाकून काढतात. मी कात्रीने माझीच नवी जाळी कापत होतो आणि तात्या वरून सांगत होते, “जपान! रंग लागतलो हाताक.”

खरा राग दुकानदारांवर आहे. अक्षरं दाखवून पिल्लं विकतात. ती मोडणार, मासा वीतभर होणार आणि त्याला पाच-सहा सोबती लागणार, यातलं काही सांगत नाहीत. शेजारच्या टाकीतल्या झेब्रा लोचला “फॉरेनचा” म्हणतात. तो आपल्याच सह्याद्रीतला! नारायण राव यांनी 1920 साली तुंगा नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं, कोल्हापूरकडेही तो सापडतो आणि आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याच्यासाठी पेटीवाल्याने मान डोलावली नाही.

तात्यांनी मासे परत नेले नाहीत. एसटीत चढताना म्हणाले, “माजे गावले की फोन कर.”

जाळीचं नावही काढलं नाही.