तात्या, वजा बहात्तर

सांगलीच्या माणसाचा विश्वास एकाच मोजपट्टीवर, ती आयर्विन पुलावरची, कृष्णेचं पाणी मोजणारी. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. त्यामुळे २०२०च्या पावसाळ्यात, वर्क फ्रॉम होमसाठी पुण्याहून आलेल्या पुतण्यानं माझ्या फोनवर ते कोरोनाचे संपर्क शोधणारं ॲप घातलं आणि ''काका, कोण किती जवळ आलं ते यात कळतं'' म्हणाला, तेव्हा मी विचारलं, ''यात फूट कुठं रंगवलेत?''

कुठंच नव्हते. एक फोन ब्लूटूथवरून हाळी देतो, दुसरा ती ऐकतो. हाळी जेवढी मोठी ऐकू आली, तेवढा माणूस जवळ, असा तो हिशोब. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. आवाजावरूनच अंतर ठरवायचं तर आमचे पीटीचे सर आयुष्यभर माझ्या कानातच उभे होते.

मग मी प्रयोगाला बसलो. हाळीचा आकडा दाखवणारं आणखी एक ॲप पुतण्यानं टाकून दिलं. आकडे सगळे वजात! वजा पन्नास म्हणजे जवळ, वजा नव्वद म्हणजे लांब. हिच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप घेतली. ती दीड मीटरची, सुरक्षित अंतर दोन मीटरचं. त्यामुळे दर वेळी फरशीवर खडूची खूण करून पुढचा अर्धा मीटर मोजायचा. पुतण्या सोफ्यावर, मी खुणेवर. वजा साठ. फोन पँटच्या मागच्या खिशात घातला, जागचा हललो नाही. वजा ऐंशी! माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं आणि ते या लहरी पिऊन टाकतं. लोखंडी कपाटाजवळ मात्र उलटा न्याय: एक पाऊल मागं सरलो तर आकडा सांगतोय, पुढं आलात. लोखंडावर आपटून हाळी परत येते.

''डब्लिनला हेच झालं,'' पुतण्या म्हणाला. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी त्याच वर्षी ट्रामच्या डब्यात माणसं बसवून फोन तपासले. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या ॲपचे नियम लावले तर एकालाही इशारा गेला नसता. इटलीचा नियम लावला तर जवळच्यांपैकी निम्म्यांना गेला असता, आणि लांबच्यांपैकीही निम्म्यांना. म्हणजे छापा-काटा. हाच प्रयोग सांगली-मिरज बसमध्ये करायला हवा होता. तिथं कोण किती जवळ आहे हे फोनला विचारावं लागत नाही, बरगड्या सांगतात.

स्कूटरवर हिला मागं बसवून विश्रामबागेपर्यंत गेलो. माझा फोन शर्टाच्या खिशात, हिचा पाठीवरच्या सॅकमध्ये, मधे दोन अख्खे देह. आकडा म्हणत होता, बाई बरोबर नाहीत. ही म्हणाली, ''हे बघूनच बोलतंय.'' आदल्या दिवाळीत मी हिला पेट्रोल पंपावर विसरून शंभर फुटी रस्त्यापर्यंत एकटाच बडबडत गेलो होतो.

भाजीवाल्या मावशींचं तर बोलायलाच नको. मास्क हनुवटीला, तोंड माझ्या तोंडाशी, ''घ्या की ओ सर, लास्टच्या दोन पेंड्या.'' पण फोन बटणाचा. ॲपच्या लेखी त्या जन्मालाच आलेल्या नाहीत.

आणि तात्या.

तात्यांची आणि आमची भिंत सामाईक. त्यांच्या पत्र्याची पागोळी आमच्या मोगऱ्यावर पडते, यावरून २०१७ साली जे बोलणं तुटलं ते तुटलंच. २०१९च्या महापुरात, आयर्विनला ५७ फूट असताना, आम्ही एकाच बोटीतून बाहेर पडलो. ते पुढच्या टोकाला, मी मागच्या. मधे चौदा माणसं आणि एक शेळी. एक अक्षर बोललो नाही.

आमचं चार्जिंगचं बोर्ड भिंतीच्या अलीकडं, त्यांचं नेमकं पलीकडं. रात्री मी आकडा पाहिला : तात्या, वजा बहात्तर. रोज आठ तास, न चुकता. ॲपच्या दृष्टीनं अख्ख्या सांगलीत माझा यांच्याइतका जिवलग कुणी नव्हता.

भाद्रपदात तात्या पॉझिटिव्ह निघाले. लक्षणं साधी, म्हणून घरीच. माझं ॲप टुणकन वाजलं आणि दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला.

''काका, त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?''

''२०१७ला.''

''मग संपर्क कसा आला?''

''ते तुम्ही मला सांगायचं.''

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ''चौदा दिवस घरातच थांबा.'' फोन ठेवल्यावर मी टेप घेऊन खिडकीच्या चौकटीत भिंतीची जाडी मोजली. विटा नऊ इंच, वर दोन्हीकडचा गिलावा.

सहाव्या रात्री पाऊस लागला. पागोळीचा आवाज सुरू झाला, मोगऱ्यावरच. साडेअकराला भिंतीवर तीन ठोके पडले. मी उठून बसलो. परत तीन. मग खोकला, आणि त्यामागून आवाज :

''सर, आयर्विनला किती?''

मी फोनवर पाहिलं आणि भिंतीला तोंड लावून आकडा सांगितला. पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.

''चढतंय का उतरतंय?''