जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी नाही, आणि भेग दिसली तर घरात बसू नका

‘सावधान कोल्हापूरकर’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की जोतिबाचा डोंगर हा झोपलेला ज्वालामुखी आहे. पन्हाळ्याचा लाल, छिद्रांचा दगड हा त्याचा पुरावा. 1967 चा कोयनेचा भूकंप ही त्याची पहिली चाहूल. भारताची प्लेट (म्हणजे ज्या प्रचंड खडकाळ तुकड्यावर आपला देश बसलाय तो) सह्याद्रीच्या रेषेत फाटतेय आणि थोड्याच वर्षांत कोल्हापूर समुद्राकाठी येणार. आणि शेवटी सल्ला: डोंगराला भेग दिसली तर आतून विषारी गॅस येतो, तेव्हा दारं-खिडक्या लावून घरात बसा.

पन्हाळ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माझ्या आत्तीलाही तो मिळाला. “येताना खिडकीच्या फटींना लावायला चिकटपट्टी घिऊन ये रं,” असा तिचा फोन आला. म्हणून हे लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचं वाचून माणूस नुसता घाबरेल, पण हा सल्ला पाळला तर जीव जाईल.

आपल्या डोंगरांच्या उतारावर वर माती आणि मुरूम असतो, खाली कठीण काळा दगड. चार-आठ दिवस धो-धो पाऊस लागला की पाणी मुरमात जिरतं, पण खालच्या दगडात त्या वेगानं उतरत नाही. वरचा थर पाणी पिऊन जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो सरकायला लागतो. सरकताना वरच्या बाजूला ताण पडतो आणि जमीन फाटते. पावसाळ्यात उतारावर दिसणारी भेग म्हणजे हे. तिच्यातून कसलाही गॅस येत नाही. खालच्या घरांवर डोंगर उतरणार असल्याची ती सूचना असते. 30 जुलै 2014 ला माळीण, जुलै 2021 मध्ये तळिये, जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी लोक घरांसकट गाडले गेले. 2021 च्या त्याच पावसात पन्हाळ्याला जाणारा रस्ता खचला होता, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

घराच्या वरच्या अंगाला नवी भेग, जुनी भेग रुंद होणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, भिंतीला ताजे तडे, कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीत अडकणं, यातलं काहीही दिसलं तर म्हातारी माणसं, पोरं, जनावरं घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला व्हा. सरपंच, तलाठ्याला कळवा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077 वर फोन करा. दारं लावून आत बसा हे ज्यानं लिहिलं, त्यानं पावसाळ्यातला डोंगर जवळून पाहिलेला नाही.

आता जोतिबा. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल: आपला काळा दगड लाव्ह्याचाच आहे. पण तो वाहिला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि तोही एखाद्या डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. भाकरीची चवड लागावी तसे हे आडवे थर साचले. नंतर पाऊस आणि ओढ्यांनी मधला भाग कोरून नेला आणि जे उरलं ते आजचे डोंगर. जोतिबाचा डोंगर लांबून निमुळता दिसतो तो या झिजेमुळे. ज्वालामुखीचा शंकू राख आणि लाव्हा साचून उभा राहतो, त्याचे थर तोंडापासून बाहेर उतरते असतात. आपल्याकडे करूळ घाटाच्या कापलेल्या कड्यात बघा, थर आडवे दिसतील. ज्या तप्त स्रोतावरून तेव्हा आपली प्लेट सरकली, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

लाल दगडाचं तर नवलच वाटतं. घराघरांत वापरलेला जांभा लोकांनी आगीचा पुरावा म्हणून पुढे ढकलावा? जांभ्याचा चिरा हातात घेऊन बघा. छिद्रांत पिवळी-लाल माती भरलेली असते, बोटानं कोरली तर सुटते. लाखो वर्षांच्या पावसानं काळ्या दगडातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं. लाल रंग त्या लोहाच्या गंजाचा. पन्हाळा, मसाई पठार यांचे माथे सपाट राहिले ते या टणक टोपीमुळेच.

कोयना. धरण आणि भूकंपांचा संबंध मेसेजमध्ये ‘लपवलेलं सत्य’ म्हणून दिलाय. संबंध आहे, पण लपवलेला नाही, शास्त्रज्ञ तो कित्येक दशकं उघड मांडत आलेत. 1962 पासून जलाशय भरू लागला, पाण्याचा दाब आधीच ताणाखाली असलेल्या खोल भेगांपर्यंत पोचला आणि 11 डिसेंबर 1967 ला मोठा धक्का बसला. ज्वालामुखीचा यात काडीचा संबंध नाही, आणि हे अंदाजानं सांगत नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं भूकंपांचा अभ्यास करायला कोयना परिसरात गोठण्याजवळ 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं, 2017 मध्ये ते पुरं झालं. त्याचं काम बघणारी संशोधन संस्था कराडला आहे, म्हणजे आपल्या शेजारीच. सुमारे 1,250 मीटरवर काळा दगड संपला आणि त्याखाली अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटी खडक लागला. वितळलेलं काही नाही, लाव्ह्याचा साठा नाही.

राहिलं समुद्राचं. पश्चिम किनाऱ्याशी फाटाफूट झाली होती, हे खरं. आधी मादागास्कर सुटलं, मग साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सेशेल्स. ते तेव्हाच उरकलं. आजच्या प्लेटची एक सीमा हिमालयात आहे, दुसरी दूर अरबी समुद्राच्या तळाशी. सह्याद्रीत एकही नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. आपली प्लेट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, पण ती सगळी एकत्र सरकते, आणि रत्नागिरी व कोल्हापूर तिच्यावरच आहेत. त्यामुळे त्या दोघांमधलं अंतर काही कमी होत नाही.