ड्रॅगन चालेल, पण घोड्याची चंदी कुठे आहे?

"अहो, तिथे ड्रॅगन उडतोय आणि तुम्ही घोडा काय खातो ते विचारताय?" हे वाक्य आता पुरे. मध्ययुगीन थाटाच्या कुठल्याही फँटसी मालिकेतल्या बारीक तपशिलावर बोट ठेवलं की हेच उत्तर तोंडावर फेकलं जातं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. ड्रॅगन हे लेखकाने उघडपणे मागून घेतलेलं खोटं आहे. ते आम्ही दिलं. जादू दिली, मेलेली माणसं उठून चालतात तेही दिलं. पण गहू, गवत, तेल, पाणी यांच्या बाबतीत त्याने काहीच मागितलेलं नाही. तिथला घोडा आपल्याच जगातला घोडा म्हणून दाखवलाय. मग त्याचं पोटही तसंच भरायला हवं.

आधी मशाली घ्या. किल्ल्याचा रिकामा जिना, कुणी न वापरणारं तळघर, शंभर वर्षं बंद असलेलं थडगं, आणि भिंतीवर मशाल ढणढण पेटलेली. कुणी पेटवली? काठीला गुंडाळलेल्या चिंध्या चरबीत किंवा राळेत भिजवून केलेली मशाल अर्धा तास, फार तर तासभर चालते. एका बोळात वीस मशाली दहा तास जळत ठेवायच्या तर एका रात्रीला दोनशे ते चारशे मशाली लागतील, आणि त्या बदलत फिरायला माणसं लागतील. आपल्याकडे खंडोबाच्या जागरणात दिवटीबरोबर बुधली असते ती शोभेसाठी नसते. ज्योतीला वरून तेल मिळालं नाही तर ती पोत जाळून टाकते, म्हणून तेलाचं भांडं दिवटीपासून सुटतच नाही. आणि धूर? बंद बोळात वीस मशाली जळत असतील तर छत काजळीने काळं व्हायला हवं, डोळे चुरचुरायला हवेत. युरोपातला गरीब माणूस लव्हाळ्यासारख्या गवताचा गाभा चरबीत बुडवून त्याच्या उजेडात काम उरकायचा आणि निजायचा. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती चर्चला आणि श्रीमंतांना परवडायची. इकडे मालिकेतल्या खानावळीत, जिथे गिऱ्हाईक तांब्याचं नाणं दोनदा मोजून देतं, तिथे टेबलावर पन्नास मेणबत्त्या.

मशालींचं एक वेळ सोडून देता येईल, कॅमेऱ्याला उजेड लागतो. घोड्यांचं सोडता येत नाही, कारण सगळी कथाच त्यांच्या पाठीवर चाललेली असते.

साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला साधारण १० किलो खातो. त्याच्याकडून मेहनत करून घ्यायची तर त्यातला तीन-चार किलो दाणा हवा: आपल्याकडे हरभरा किंवा कुळीथ, युरोपात ओट. पाणी २५ ते ४० लिटर. थंडीत घोडा पाणी कमी पितो, वर सुकं गवत खातो, आणि मग आतड्यात गोळा अडकून पोटशूळाने मरतो. नुसत्या चरण्यावर ठेवायचा म्हटलं तर दिवसाचे कित्येक तास चरण्यातच जातात, तेवढी मजल कमी होते. आता दहा हजार घोड्यांचं सैन्य बर्फातून चालवा. रोजचे १०० टन. कच्च्या रस्त्यावर बैलजोडीची गाडी अर्धा टन ओढते असं धरलं तर रोज दोनशे गाड्या पोचायला हव्यात. कोठार दहा दिवसांच्या वाटेवर असेल तर जाऊन-येऊन वीस दिवस. बैलांच्या जोडीला रोज २० किलो वैरण धरा: वीस दिवसांत ४०० किलो. गाडीत होते ५००. म्हणजे एका गाडीमागे तळावर पोचले १०० किलो, दहा घोड्यांचं एक दिवसाचं खाणं, आणि गाडीवान काय खातो ते अजून मोजलेलंच नाही. उन्हाळ्यात वाटेवरचं गवत बैलांना पोसतं, म्हणून हे गणित कसंबसं सुटतं. बर्फात ते सुटतच नाही. जहाजाने माल आणा, नदी दाखवा, नाहीतर सैन्य हलवू नका.

हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. मराठ्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, कारण तोवर पाऊस सरलेला असे, नद्या उतरलेल्या असत, शिवारात धान्य आणि वैरण असे. आणि पानिपत. अब्दालीने रसद तोडली, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी मरू लागली, आणि १४ जानेवारी १७६१ ला आपलं सैन्य उपाशी पोटी लढाईला बाहेर पडलं. ज्या समाजाच्या सगळ्यात मोठ्या जखमेचं एक कारण रसद आहे, त्याला "सैन्य काय खातं याला महत्त्व नाही" हे ऐकवू नका.

'गेम ऑफ थ्रोन्स'वर राग जास्त आहे, कारण त्या मालिकेला हा प्रश्न ठाऊक होता. आठव्या मोसमाच्या पहिल्याच भागात उत्तरेतल्या किल्ल्याची मालकीण सान्सा विचारते की एवढं सैन्य आलंय, त्याला खायला काय घालायचं, आणि हे ड्रॅगन खातात तरी काय. एका वाक्यात तिचा प्रश्न उडवून लावला जातो आणि त्याचं धड उत्तर कधीच मिळत नाही. त्याच्या आधीच्या मोसमात, २०१७ साली, पीकदार दक्षिणेतून राजधानीकडे निघालेल्या धान्याच्या गाड्या ड्रॅगन जाळून टाकतो. दृश्य जबरदस्त आहे, कबूल. पण हिवाळा तोंडावर असताना लाखो माणसांच्या शहराचं धान्य जळालं! त्यानंतर त्या शहरात भाकरीवरून दंगल व्हायला हवी होती, निदान एका बाईने रिकामा हंडा घेऊन कोठाराच्या दारात बसायला हवं होतं. काहीच झालं नाही. गाड्या जळाल्या त्या फक्त जळताना छान दिसतात म्हणून. याला आळस म्हणतात.

आणि तो हिवाळा! कित्येक वर्षं चालणारे ऋतू, नऊ वर्षांचा उन्हाळा आणि पुढे वर्षानुवर्षांची थंडी. कल्पना इतकी सुंदर की नुसतं तेवढं धरून दहा पुस्तकं लिहावीत. पण मग ती निभवा.

मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेतलीय त्यांत राजधानीची वस्ती पाच लाखांच्या घरात सांगितलीय. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा, म्हणजे वर्षाला साधारण १८० किलो. पाच लाखांना वर्षाला ९०,००० टन. तीन वर्षांच्या हिवाळ्याला २,७०,००० टन. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाच मीटर उंच खोली छतापर्यंत गव्हाने भरली तर अशा सातशे खोल्या लागतील. एका शहराला. त्या शहराच्या नकाशात कोठारं कुठे आहेत? राजवाडा दिसतो, मंदिर दिसतं, कुंटणखाना तर पुन्हा पुन्हा दिसतो.

बरं, हे पिकवणार कोण? मध्ययुगीन युरोपात एक दाणा पेरला की चार दाणे हाती आले तर पीक बरं म्हणायचे, आणि त्या चारातला एक पुढच्या पेरणीला ठेवावा लागायचा. हेक्टरी सहा-सातशे किलो निघायचं, बियाणं वजा जाता पाचशेच्या आसपास. म्हणजे नुसत्या शहराचं पोट भरायला १,८०,००० हेक्टर पेरलेलं शेत, वर पड ठेवलेली जमीन वेगळी. शिवाय शेतकरी स्वतः खाणार, जमीनदार आपला वाटा घेणार. अशा शहराभोवती लाखो शेतकऱ्यांची दाट वस्ती हवी. वेशीला लागून भाजीचे मळे हवेत, कारण शहराचं शेणखत आणि मैला तिथेच जातो आणि भाजी लांबून आणली तर सुकते. पडद्यावर काय असतं? वेशीचा दरवाजा उघडला की थेट रिकामं माळरान. घोडदौड चित्रित करायला मोकळी जागा हवी म्हणून अख्खी शेती पुसून टाकली!

साठवण हा आणखी वेगळा धंदा आहे, आणि तो ठाऊक असलेली माणसं इथे गावोगाव होती. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, ठेवायची तर जमीन कोरडी, पाणी न झिरपणारी हवी, आतून लिंपण हवं, तोंड हवाबंद हवं. आतला प्राणवायू संपतो तसे किडे मरतात, म्हणून धान्य टिकतं. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड उघडं टाकून हवा खेळू द्यावी लागते. ओल शिरली तर बुरशी, आणि पेव एकदा उघडलं की धान्य लवकर संपवायला हवं, कारण हवेबरोबर किडाही आत येतो. म्हणून एकच मोठं कोठार करत नाहीत, लहान लहान अनेक करतात आणि एकेक उघडतात. पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. धान्याला किल्ल्यात केवढी जागा लागते ते जाऊन पाहावं. पेवात उतरलेला माणूस मरतो, किल्लेदार खोटा हिशेब लिहितो, तिसऱ्या वर्षी कोठी उघडली तर आत काळी भुकटी: यातल्या प्रत्येक गोष्टीत एक अख्खा भाग दडलेला आहे आणि कुणाला तो दिसत नाही.

बियाण्याचं तर कुणी नावच काढत नाही. पाच-सहा वर्षं पेवात पडलेला गहू खाता येईल, पण त्यातला किती उगवेल? आणि भुकेलेल्या घरात पेरायचं धान्य शिल्लक राहतं का? गवत नाही म्हणून पहिल्या दोन वर्षांतच बैल कापून खाल्लेले असणार. मग वसंत आला तरी नांगर कोण ओढणार? हिवाळा संपणं ही अशा जगात सुटका नसते. खरा दुष्काळ तिथून सुरू होतो.

त्याच हिवाळ्यातला आणखी एक काटा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त टोचणारा. तिथली पात्रं आपलं वय वर्षांत सांगतात. कुठली वर्षं? आपल्या 'वर्ष' या शब्दातच पाऊस आहे. संस्कृतात वर्ष म्हणजे पाऊसही आणि साल सुद्धा. किती पावसाळे पाहिले यावर माणसाचं वय ठरायचं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, ते ऋतूंपासून दरसाल अकरा दिवस मागे सरकतं, म्हणून आपण अधिकमास घालतो. ही सगळी खटपट ऋतू धरून ठेवण्यासाठी. जिथे ऋतूच कधी येईल ते ठाऊक नाही तिथे वर्ष कशावर मोजायचं? तारे पाहून मोजता येईल, बारा-तेरा पौर्णिमा धरून मोजता येईल. चालेल, पण सांगा की! देवळात काठीवर खाच पाडणारा एक म्हातारा दाखवा. शेतकरी पेरणी कधी करतो ते सांगा.

शेवटी त्याच मालिकेतली ती उत्तरेची बर्फाची भिंत. ७०० फूट उंच, म्हणजे जवळजवळ तीन कुतुबमिनार एकावर एक. ३०० मैल लांब. बर्फाचा एवढा ढीग स्वतःच्या वजनाने पायथ्याशी पसरू लागतो. हिमनद्या वाहतात त्या याच कारणाने. ठीक आहे, त्या भिंतीत मंत्र घातलेत असं सांगितलंय, ते मान्य. पण तिथे पहाऱ्याला राहणारी माणसं मंत्रावर जगत नाहीत. हजार माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी फक्त तीन लिटर पाणी धरलं तर रोज तीन टन बर्फ वितळवायचा. उघड्या चुलीत नव्वद टक्के आच वाया जाते, एक किलो सुकं लाकूड जेमतेम चार किलो बर्फाचं पाणी करतं. म्हणजे पाऊण टन सरपण रोज नुसतं पाण्यासाठी. शेक, भाकरी, लोहाराची भट्टी वेगळी. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, राज्यकारभारावरच्या त्या ग्रंथात, गड बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय, आणि तेही सह्याद्रीत, जिथे आकाशातून ते धो धो कोसळतं. त्या भिंतीपाशी बाराही महिने बर्फ, आणि पहारेकऱ्यांच्या हातात सरपणाची कुऱ्हाड क्वचितच दिसते. दिसतात त्या तलवारी.