उताराला लागलेला चेंडू

रिसॉर्टच्या गॅलरीतून गोल्फचं मैदान फार सोज्वळ दिसतं. हिरव्यागार टेकड्या, मधे तळं, कडेनं झाडं. दुरून डोंगर साजरे म्हणणारा माणूस गोल्फ खेळून आलेला असणार, ही खात्री मला पहिल्या होलनंतर पटली.

"आपण आराम करायला आलोय ना?" असं बायको म्हणाली होती. पण मला हात दाखवून अवलक्षण करायची हौस.

या मैदानावर सपाट जागा एकच, चेंडूला पहिला फटका मारायची. तिथून पुढे सगळा चढ नाहीतर उतार. चेंडू पावलांपेक्षा उंचावर असला तर माझ्यासारख्या उजव्या माणसाचा फटका डावीकडे जातो, खाली असला तर उजवीकडे, असं माझ्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीनं समजावलं. चेंडू उंचावर होता, म्हणून मी शहाण्यासारखा उजवीकडे नेम धरला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझा चेंडू सरळ गेला. म्हणजे उजवीकडच्या झाडीत.

हरवलेला चेंडू शोधायला नियमानं ३ मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी ५ मिळायची. ज्यांनी ही काटकसर केली त्यांनी माझा खेळ पाहिलेला नव्हता. ३ मिनिटांत मला दोन चेंडू सापडले, दोन्ही दुसऱ्यांचे.

नवा चेंडू घेतला, तो बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात पडला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. शिवाय फटक्याआधी चेंडूमागे क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, वाळूला टेकवायचा नाही, असाही नियम. १९७१ मध्ये अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डनं अवजड पोशाखात, एका हातानं, चंद्रावर चेंडू टोलवला होता. त्याचं कौतुक आहेच, पण चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. मी पूर्ण गुरुत्वाकर्षणात उभा होतो आणि चौथ्या फटक्याला वाळू बाहेर आली, चेंडू आतच. सहाव्याला तोही आला. कंटाळून आला असावा.

शेवटी एकदाचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ. भोक १०८ मिलिमीटरचं, चेंडू जेमतेम ४३ चा. दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढी ऐसपैस सोय, आणि मला एकच घालायचा होता. पण भोक चढावर. मी पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब, हलकेच लावला. चेंडू डुलत डुलत चढला, भोकाच्या काठापाशी थांबला, आत डोकावल्यासारखं केलं आणि मागे फिरला. आधी सावकाश, मग चांगल्याच घाईनं. माझ्या बुटांजवळून गेला, ग्रीनची कड ओलांडली. खाली उभ्या असलेल्या कॅडीनं अदबीनं पाय उचलून त्याला वाट करून दिली.

"कुठं थांबला?" मी विचारलं.

काही न बोलता त्यानं पटर माझ्या हातून घेतला आणि मघाचा वाळूतला क्लब पुढे केला.