मजा ब्रेकात आहे

काल रात्री साडेअकराला मी जर्मनीतल्या एका डोंगरात जुनी बीएमडब्ल्यू एम-थ्री गवतात घातली. त्याच वळणावर, या आठवड्यात अकराव्यांदा. वळणाचं नाव आडेनाउअर फोर्स्ट. मी बसलो होतो साताऱ्यात, गोडोलीतल्या घरी, मागच्या खोलीत, भंगारातून आणलेल्या मारुती आठशेच्या सीटवर. दारातून बायको म्हणाली, "अहो, परत तिथंच?" तिलाही आता ते वळण पाठ झालंय.

त्रेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, रात्री गाड्यांचा गेम खेळतो म्हटल्यावर पाहुणे हसतात. हसू दे. पण "वेगाचं वेड दिसतंय" असं कुणी म्हणालं की मात्र मला राहवत नाही. वेगच पाहिजे असेल तर मोबाईलवर फुकटात ढीगभर गेम पडलेत. बटण दाबून ठेवा, भिंतीला धडका, गाडी आपोआप सरळ होऊन पुन्हा पळते. मी जो स्टेअरिंग आणि पेडल जोडून खेळतो त्यात पहिला आठवडा नुसत्या गिरक्या खाण्यात जातो. जोरात जायला कुणालाही येतं हो, पाय खाली दाबायचा असतो फक्त. अख्खा खेळ आहे तो थांबण्याचा. कुठं ब्रेक लावायचा, किती लावायचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तो सोडायचा कसा.

हे मला कळायला सुरुवात झाली ती कॉलेजात असताना. राजवाड्याजवळ एका गाळ्यात प्लेस्टेशन लावलेलं असायचं, तासाला वीस रुपये. तिथं 'ग्रान टुरिस्मो' होता. काझुनोरी यामाउची या जपानी माणसाने 1997 च्या डिसेंबरात आणलेला. त्यात शर्यतीत उतरण्याआधी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागायच्या, आणि पहिलीच परीक्षा काय, तर सरळ रस्त्यावर गाडी पळवा आणि आखलेल्या चौकोनात थांबवा. बस. चौकोनाच्या पुढं गेलात, नापास. मागे नंबर लावून उभी असलेली पोरं बोंबलायची, "आरं वीस रुपयं देऊन ब्रेक कसला मारतोय!" मी मारत बसायचो. खरं लायसन्स काढताना मला इतकं कुणी थांबायला लावलं नव्हतं, हेही इथंच सांगून टाकतो.

आता खेळतो तो 'असेटो कोर्सा'. 2014 चा, म्हणजे गेमच्या हिशेबात म्हातारा. कुनोस सिम्युलाझिओनी नावाच्या इटालियन स्टुडिओने केलेला, आणि तेव्हा त्यांचं ऑफिसच रोमजवळच्या वालेलुंगा रेस ट्रॅकवर होतं. त्यांनी बरेचसे ट्रॅक लेझरने मोजून आणले, म्हणजे खऱ्या रस्त्यावर जिथं उंचवटा आहे तिथंच गेममध्ये स्टेअरिंग हाताला हिसका देतं. (आपल्याकडचा रस्ता असा मोजला तर पावसाळ्यानंतर परत मोजायला यावं लागेल.) माझी गाडी जिथं गवतात जाते तो जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकचा जुना भाग, नॉर्डश्लाइफ. 1927 साली सुरू झालेला, 20.8 किलोमीटरचा एकच फेरा, जंगलातून, सुमारे तीनशे मीटरच्या चढउतारात. शर्यतवाल्या जॅकी स्ट्युअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं होतं. 1976 मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत निकी लाउडा या ड्रायव्हरची गाडी इथंच पेटली आणि त्यानंतर ती शर्यत या रस्त्यावर परत आली नाही. पण आजही ठरलेल्या दिवशी पैसे भरून साधा माणूस आपली गाडी तिथं घालू शकतो. म्हणजे आहे तो घाटच, टोलचा.

गंमत कशात आहे ते सांगतो. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर खर्च केला तर वळायला उरत नाही, वळण्यावर उधळला तर ब्रेकला उरत नाही. नवशिका दोन्ही एकदम मागतो, आणि गाडी सरळच जाते, स्टेअरिंग कितीही फिरवा. त्या क्षणी हातातलं स्टेअरिंग अचानक हलकं होतं. आत मोटर असते, ती पुढच्या चाकांवर काय चाललंय ते हाताला सांगते. दुसरी चूक म्हणजे वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलणं. तसं केलं की वजन झटकन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट पुढं येतं. इंजिन मागे असलेल्या पोर्शात तर हे असं होतं की आपण कुठल्या दिशेला बघतोय तेच दोन सेकंद कळत नाही. म्हणून ब्रेक आधी सरळ रेषेत घट्ट दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत न्यायचा, कढईखालचा गॅस बारीक करत न्यावा तसा. जितका ब्रेक सुटेल तितकं स्टेअरिंग फिरेल. हे डोक्याला दहा मिनिटांत कळतं. पायाला कळायला मला दोन वर्षं लागली.

सुरुवातीला तर वेगळीच पंचाईत. सेकंडहँड स्टेअरिंग जेवणाच्या टेबलाला लावलेलं आणि मी चाकं लावलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर. जोरात ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी खुर्चीच मागं कपाटापर्यंत जायची. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला. त्याने विचारलं, "कसली रिक्षा म्हणायची ही?"

असल्या गेमची बाजू घेताना लोक यान मार्डेनबरोचं उदाहरण देतात. ग्रान टुरिस्मो खेळता खेळता 2011 ची स्पर्धा जिंकून खऱ्या गाडीत बसला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. खरी गोष्ट आहे, भारी आहे. पण मला तिचा उपयोग नाही. मी काही शर्यतीला जाणार नाही. गेममुळे रस्त्यावरची गाडी चांगली चालते असाही माझा दावा नाही. रस्त्यावर म्हैस आहे, फोनवर बोलणारा आहे, आणि हंगामात अंधारात दिवे नसलेली उसाची ट्रॉली आहे. माझ्या गेममध्ये उसाची ट्रॉली नाही. एवढं मात्र झालं की पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपून ते वळण येतं ना, तिथं माझा पाय आता आधीच उचलला जातो. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे मी शाळेत लिहून मार्क मिळवले होते. तेव्हा ते नुसतं लिहिलं होतं.

आणि आता आप्पा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर, महाड. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या. मला वाटलं, यांना बसवावं, बघू. बसले. पहिल्या आंधळ्या वळणाला तळहात स्टेअरिंगच्या मध्यावर आपटला. "हॉर्न कुठाय?" मी हॉर्नचं बटण लावलंच नव्हतं. उताराला गिअर खाली घेतला, ज्या गिअरात चढलं त्याच गिअरात उतरायचं हा त्यांचा कायदा. तिथवर झकास. मग एका वळणाला ब्रेक लावला आणि सरळ रेलिंगवर. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. मी म्हटलं, "आप्पा, उशीर होतोय ब्रेकला." तर म्हणाले, "आरं, ह्यात पाठीला काय कळतच न्हाई. पोटात गोळा येत न्हाई. हाताला कळतंय तवर उशीर झालेला असतो."

मी दोन वर्षं या गेमचं कौतुक करतोय आणि त्याचं खरं वैगुण्य त्यांनी दहा मिनिटांत काढलं. गाडी ड्रायव्हरला आधी कळते ती सीटमधून. हलणारी सीटं मिळतात, पण त्या किमतीत आमच्याकडे खरी गाडी येते. एक मात्र त्यांना पटलं, स्टेअरिंग हलकं होणं. "पयल्या पावसात घाटात असंच व्हतंय," म्हणाले, आणि तेवढ्यासाठी परत एकदा बसले.

आता ते चालवत नाहीत. संध्याकाळी चहा घेऊन शेजारी स्टुलावर बसतात. आडेनाउअर फोर्स्ट जवळ आलं की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. माझ्या आधी, प्रत्येक वेळी. आज मी स्क्रीन सोडून त्यांच्या पायाकडे बघितलं आणि तो दाबला तेव्हाच ब्रेक मारला. वळण निघालं, स्वच्छ. पुढच्याच वळणाला गेलो गवतात, कारण मी अजून त्यांच्या पायाकडेच बघत होतो.