‘सही मागणारी बाई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

(नाव लिहिलेलं नाही, म्हणून दादा.) नवऱ्याशी मृत्युपत्राचं बोलण्याबद्दल मी जो लेख लिहिला, त्यावर आपण म्हणता: “नॉमिनी लावला की झालं. धडधाकट नवऱ्यापुढं मरणाचा कागद ठेवून सही मागणारी बाई आमच्या कोल्हापुरात तरी बघितली नव्हती. शिवाय मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे हे चूक. आणि सगळा लेख नवऱ्याच्या मिळकतीवर, तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्राचं काय?”

चूक आधी कबूल करते. नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, स्टॅम्पसुद्धा लागत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता ती ‘सही मागणारी बाई’. दोन दिवस हे शब्द डोक्यातून जाईनात. मुद्दा मांडायला कुणाची ना नाही, पण बोलायची ही कुठली पद्धत? मी सही मागितलीच नव्हती. रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो, भेळ खाता खाता विचारलं, “अहो, आपल्यामागं पोरांना काय कुठं ठेवलंय ते तरी ठाऊक आहे का?” हे म्हणाले, “पाडवा होऊ दे, बघू.” पाडवा झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. शेवटी जानेवारीत त्यांनी आपण होऊन कागद काढला. यात तुम्हाला कागद पुढं सरकवणारी बाई कुठं दिसली?

आणि कोल्हापुरात काय काय बघायला मिळतं ते सांगू? उत्तरेश्वर पेठेतली माझी आई. १९९६ साली वडील गेले तेव्हा मी नववीत होते. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, मृत्युपत्र नाही. आईला वाटायचं, घर आपलंच. सिटी सर्व्हेला वारस लावायला गेली तेव्हा कळलं की आई, आजी, मी आणि भाऊ, चौघांचा सारखा हिस्सा. आजीनं कधी त्रास दिला नाही, पण मृत्युपत्र तिनंही केलं नाही. ती गेली आणि तिचा चौथा हिस्सा दोन काका, आत्या आणि वडिलांच्या वाटणीचे म्हणून आम्ही भावंडं, असा फुटला. आत्यानं साडीचोळीवर हक्कसोडपत्र दिलं. थोरल्या काकांनी सात वर्षं घेतली. त्या सात वर्षांत गळक्या कौलांवर पत्रा टाकायचा म्हटलं तरी आई त्यांच्या दारात जाऊन विचारून यायची.

आणि तुमचा नॉमिनी! वडिलांच्या ठेवीला लग्नाआधी लावलेलं नाव याच काकांचं होतं. बँकेनं नियमाप्रमाणं पैसे त्यांच्या हातात दिले. नॉमिनी नुसता पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच, हे सर्वोच्च न्यायालयानं बँक खात्याच्या बाबतीत २०१० साली स्पष्ट केलंय. पण त्यासाठी दिरावर दावा लावावा लागतो, आणि दिराला कोर्टात खेचणारी बाई आमच्या घराण्यानं बघितली नव्हती. तुमच्यासारखंच.

हे मी लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं. काका हयात आहेत, मुलं त्यांची माझ्याशी चांगली बोलतात. तुमच्यामुळं चव्हाट्यावर आणावं लागलं.

राहिलं माझं मृत्युपत्र. तो विषय इथं गैरलागू आहे. माझ्या नावावर आहेच काय? राजारामपुरीतला एक गाळा, थोडं सोनं, पतसंस्थेतली ठेव. ठेवीला ह्यांचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं आहे. बाकीचं करीन की, मार्च एंडिंगची गडबड संपू दे.

पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव लिहा.