चुकीचं ऐकलं तर दंड ऐकणाऱ्याला

इथे फेसबुकवरच्या वादांत एक गोष्ट हमखास होते. एकजण काहीतरी लिहितो, दुसरा त्यातून भलतंच काढतो आणि मग पहिल्याचा अख्खा दिवस "अहो, मी असं म्हटलंच नव्हतं" हे पटवण्यात जातो. ज्याने धड वाचलं नाही तो निवांत. वर त्याला लाइक्स मिळतात ते वेगळेच.

हॅम रेडिओच्या स्पर्धांमध्ये हा प्रकार बरोबर उलटा असतो. ते नियम उचलून इथल्या चर्चांना लावून बघावेत, असं मला बरेच दिवस वाटतंय.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम म्हणजे परवाना काढून हौसेखातर रेडिओवर बोलणारे लोक. त्यांच्या स्पर्धेत ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा असतो. सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सवर, सलग ४८ तास. एक संपर्क काही सेकंदांत आटोपतो. समोरच्याचा कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं त्याचं ओळखनाव, घ्यायचा, एकमेकांना ठरलेली माहिती द्यायची, लॉगमध्ये नोंदवायची, पुढचा.

खरी गंमत स्पर्धा संपल्यावर सुरू होते. सगळे आपापले लॉग आयोजकांकडे पाठवतात आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले जातात. तुम्ही म्हणता अमक्याशी बोललो, पण अमक्याच्या लॉगमध्ये तुम्ही नाहीच? शेरा पडतो 'नॉट इन लॉग'. तो संपर्क बाद आणि वरून दंडाचे गुणही कापले जातात. कॉलसाइनचं एक अक्षर चुकीचं उतरवलंत तरी तेच. आणि ज्याचा कॉलसाइन तुम्ही चुकवलात, त्याने तुमची माहिती बरोबर घेतली असेल तर त्याचा एक गुणही जात नाही. चूक ऐकणाऱ्याची, भुर्दंडही त्यालाच.

आता "काल त्याला असा गप्प केला ना!" हे वाक्य आठवा. ज्याला गप्प केलं त्याच्या लॉगमध्ये तशी नोंद नसतेच. तो कंटाळून जेवायला गेलेला असतो. नॉट इन लॉग.

लोक म्हणतात सोशल मीडियाची स्पर्धा झाली आहे म्हणून सगळं बिघडलं. मला हे निदान पटत नाही. स्पर्धेने बिघडत नाही, गुण कशाला देता त्याने बिघडतं. इथे गुण एकतर्फी मिळतात. मी ओरडलो, माझ्या बाजूच्या चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी जिंकलो. समोरच्यापर्यंत काय पोचलं हे कुणी तपासत नाही. रेडिओवर नुसतं ओरडण्याचे गुण शून्य.

अर्थात हॅम लोक काही संत नाहीत. स्पर्धेत सिग्नलचा रिपोर्ट द्यावाच लागतो, आणि सगळे सगळ्यांना '५९'च देतात. ५९ म्हणजे उत्तम, खणखणीत. समोरच्याचा आवाज खरखरीत बुडालेला असतो, कॉलसाइन चौथ्या वेळेला कसाबसा लागतो, तरी उत्तर काय? "यू आर फाइव्ह नाइन!" मोर्सवर हाच रिपोर्ट ५९९ असतो, आणि त्यातल्या नऊच्या जागी तर नुसता एन ठोकतात, तेवढाच वेळ वाचतो. लॉगिंगचं सॉफ्टवेअर तो आकडा आपणहून भरून ठेवतं. आपलं 'छान', 'सहमत' आणि अंगठा म्हणजे हेच ५९. द्यायचं म्हणून दिलेलं, न ऐकताही देता येतं असं.

म्हणून मला सीक्यू वर्ल्ड वाइडपेक्षा तिची भावंड स्पर्धा, सीक्यू डब्ल्यूपीएक्स, या कामासाठी जास्त उपयोगी वाटते. वर्ल्ड वाइडमध्ये रिपोर्टसोबत झोनचा नंबर देतात. जगाचे ४० झोन पाडलेत, आणि कॉलसाइन कळला की झोन बहुतेक वेळा न ऐकताच लिहिता येतो. डब्ल्यूपीएक्समध्ये त्याजागी अनुक्रमांक असतो. पहिल्या संपर्काला ००१, मग ००२, असा चढत जाणारा. समोरचा किती जणांशी बोलून तुमच्यापर्यंत आलाय हे तुम्हाला कुठून कळणार? ते ऐकावंच लागतं. सिग्नल दबलेला असेल तर ऑपरेटर बेधडक विचारतो, "नंबर अगेन?" समोरचा न चिडता पुन्हा सांगतो, "वन वन सेव्हन, वन वन सेव्हन." तरी लागला नाही तर पुन्हा अगेन. यात कुणालाच कमीपणा वाटत नाही, कारण अंदाजाने ठोकून दिलेला नंबर पुढे तपासणीत उघडा पडणार हे दोघांनाही माहीत असतं. फेसबुकवर "तुमचा मुद्दा नीट कळला नाही, पुन्हा सांगाल का" असं शेवटचं कुणी कधी विचारलं होतं? आणि विचारलं तरी आपल्याला ते खोचकच वाटतं.

तर चर्चेच्या स्पर्धेतली देवाणघेवाण अशी हवी की ती माणसाच्या नावावरून, फोटोवरून, गटावरून ओळखता येणार नाही. मत काय आहे हे सांगून उपयोग नाही, ते तर आपण झोनसारखं आधीच भरून ठेवलेलं असतं. ते मत कशामुळे झालं, हे सांगायचं. प्रत्येकाने आपलं कारण एका ओळीत आधीच लॉगमध्ये लिहून ठेवायचं, मग समोरच्याशी बोलायचं, आणि त्याचं कारण आपल्या शब्दांत नोंदवायचं. शेवटी दोन्ही लॉग ताडायचे. स्वतःची ओळ आधीच लिहिलेली असल्यामुळे "छे, मला असं म्हणायचंच नव्हतं" अशी पलटीही मारता येणार नाही.

आता गुणांकडे या. वर्ल्ड वाइडमध्ये आपल्याच देशातल्या स्टेशनशी बोललात तर शून्य गुण. खंड तोच पण देश वेगळा असेल तर एक, खंडच वेगळा असेल तर तीन. (उत्तर अमेरिकेपुरता एक अपवाद आहे, तो सोडा.) एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यात, त्याच स्टेशनशी दुसऱ्यांदा बोललात तर तो डुप, त्याला काही नाही. आणि या सगळ्या बेरजेला मल्टिप्लायरने, म्हणजे किती वेगवेगळे देश आणि झोन गाठले त्या आकड्याने, गुणायचं. ४०० संपर्क, प्रत्येकी तीन गुण, पण मल्टिप्लायर २०, तर होतात २४,०००. दुसऱ्याचे संपर्क २५०च, पण मल्टिप्लायर ६०, तर ४५,०००. म्हणून तर स्पर्धेत धडाधड चाललेला ऑपरेटर एका पुसट, नव्या देशाच्या स्टेशनसाठी थांबतो, कान देतो. त्याला कुणी सहिष्णुतेवर व्याख्यान दिलेलं नसतं. त्यात त्याचा फायदा असतो.

आपल्याकडे मल्टिप्लायर कशाचा धरावा, यावर मी बराच विचार केला. जात, पक्ष, गाव असे रकाने मला नकोत, तिथे माणूस बोलायच्या आधीच खोक्यात जातो. विषयाशी असलेलं नातं धरावं. विषय परीक्षांचा असेल तर विद्यार्थी, पालक, शिक्षक, पेपर तपासणारा, परीक्षेला न बसलेला, हे सगळे वेगळे मल्टिप्लायर. पंचवीस पालकांनी पंचवीस पालकांशी मान डोलावली की एकच.

शिवाय गट पाडावेत. रेडिओत १०० वॅटपर्यंतचे वेगळे, पाच वॅटवाले वेगळे. पाच वॅटच्या माणसाला दीड हजार वॅटच्या स्टेशनशी कुणी तोलत नाही. इथे मात्र लाखभर फॉलोअर असलेला आणि नव्याने खातं उघडलेला एकाच आखाड्यात.

यावर काही जुने हॅम मला नक्की झापतील. त्यांचं म्हणणं, स्पर्धेतल्या संपर्काला गप्पा म्हणतच नाहीत. शनिवार-रविवार बँड नुसते कोंबून भरलेले असतात, निवांत बोलणाऱ्याने जायचं कुठे? तक्रार रास्त आहे. पण त्यावरचा तोडगाही हॅमकडेच आहे. १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळालेले तीन बँड, ३०, १७ आणि १२ मीटरचे, संकेताने स्पर्धामुक्त ठेवलेत. कितीही मोठी स्पर्धा असो, तिकडे कुणी गुण मोजत नाही. आपणही तसं करावं. दुःखाच्या पोस्ट, आजारपणं, घरचे ग्रुप इथे खेळ नाही. डब्ल्यूपीएक्समध्ये एकट्या ऑपरेटरला ४८ पैकी ३६ तासच खेळता येतं, विश्रांती घ्यावीच लागते. हा नियम तर मी स्पर्धेशिवायही लावायला तयार आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. ११७ आणि ११९ यातला फरक संगणक क्षणात पकडतो. "फी परवडत नाही म्हणून" आणि "फी वाया जाते म्हणून" यातला फरक पकडायला माणूस लागेल, तोही दोन्ही बाजूंना मान्य असलेला आणि भरपूर वेळ असलेला. कुणी तयार असेल तर कमेंटमध्ये सांगा, पुढच्या महिन्यातला एखादा शनिवार-रविवार धरू. ते काम माझ्यावर ढकलू नका, मला खेळायचंय.